क्लच बूस्टर लीक झालाय : कीट टाकायचं की नवीनच बसवायचा?

गाडी गॅरेजला लावली की मिस्त्री खाली वाकून टॉर्च मारतो आणि म्हणतो, शेठ बूस्टर गेला, नवीन टाका. तोच बूस्टर पुढच्या गॅरेजला दाखवला की तो म्हणतो कशाला हजारो घालवताय, कीट (आतल्या रबर-सीलचा संच) टाकून देतो. खोटं दोघंही बोलत नसतात, पण दोघांनीही अजून तो खोललेला नसतो. माझ्या दोन मल्टिअ‍ॅक्सल गाड्या आहेत, चालवतात ड्रायव्हर, बिलं मी भरतो, आणि दोन्ही सल्ल्यांवर पैसे घालवून झालेत.

आधी एवढंच बघा, गळतंय काय? ऑइल की हवा?

क्लचचं पेडल दाबलं की मास्टर सिलेंडर ऑइल (म्हणजे ब्रेक ऑइल) ढकलतो, ते बेलहाऊसिंगवरच्या (क्लचभोवतीच्या कवचावरच्या) बूस्टरात येतं, तिथं टाकीतली हवा मदतीला येते आणि दोघं मिळून पुश रॉड ढकलतात. म्हणजे काम ऑइलचं, हवा फक्त हमाल. म्हणून फरक असा पडतो की हवा गेली तर पेडल दगडासारखं जड होतं पण पाय रेटून क्लच सुटतो, गाडी घरी येते. ऑइल गेलं तर पेडल सरळ खाली बसतं आणि गिअर पडायचं नाव घेत नाही, मग तुम्ही कसाऱ्यात माल भरून उभे असा नाहीतर कळंबोलीच्या गेटवर. हवेच्या लीकला चार दिवस थांबता येतं, अर्थात कॉम्प्रेसर दम खात नाही आणि सकाळी प्रेशर भरायला वेळ जातो, पण ऑइलच्या लीकवर ट्रिप मारू नका, खरंच.

ओळखायचं कसं, तर इंजिन बंद, प्रेशर फुल, एकाला पेडलवर बसवा आणि तुम्ही स्वतः खाली जा, क्लीनरला पाठवू नका. पेडलवर पाय नसतानाही सूं चालू असेल तर आधी पाइप आणि नट साबणाच्या पाण्याने बघा, बऱ्याचदा तिथंच निघतं, नाहीतर बूस्टरातला व्हॉल्व सीटवर बसत नाहीये. पेडल दाबून धरल्यावरच हवा मारत असेल तर आतला एअर पिस्टनचा सील नाहीतर व्हॉल्व. पेडल सोडताना एकदाच फुस्स होतं ते नॉर्मल आहे, तेवढ्यावरून बूस्टर बदललेले लोक मी पाहिलेत.

ऑइलचं जरा फसवं असतं. डबीतली लेव्हल उतरते पण खाली थेंब दिसत नाही, तेव्हा बूस्टरच्या हवा सुटायच्या भोकावर बोट फिरवा. बोट ओलं आलं तर ऑइल सील ओलांडून हवेच्या बाजूला जातंय. आणि पेडल दाबल्यावर डबीत बुडबुडे आले तर उलटं, हवा ऑइलमध्ये घुसतेय, तिथं कितीही वेळा ब्लीडिंग करा (ऑइलमधली हवा काढा), दुसऱ्या दिवशी पेडल पुन्हा ढिलं.

आता कीट की नवीन. कीट काही शे रुपयांत येतं, नवीन बूस्टर काही हजारांत, त्यामुळे मन कीटकडेच जातं आणि हवेच्या लीकला मी पण डोळे झाकून कीटच म्हणतो, तिथं रबर बदललं, व्हॉल्वची सीट साफ केली की काम होतं. ऑइलचा लीक असेल तर खोलल्यावर समोर उभे राहा आणि बोअर (पिस्टन सरकतो ती आतली नळी) कोरडा पुसून त्यात नख फिरवा. नख गुळगुळीत गेलं तर कीट. नख अडकलं, गंजाची टिपकी दिसली, तर ते नवीन सील तिथं घासून पुन्हा जाणार, मग मिस्त्री झिरो पेपर (बारीक पॉलिश पेपर) मारून चकाचक करून दाखवेल तरी नको म्हणा. झिरो पेपरने खड्डा जात नाही, फक्त चमकतो.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. नवीन क्लच प्लेट टाकली आणि आठवड्यात बूस्टर गळायला लागला की सगळे म्हणतात मिस्त्रीने धक्का लावला. तसं नसतं. प्लेट झिजत जाते तसा बूस्टरचा पिस्टन मागे मागे सरकत जातो, पुढचा बोअर वर्षानुवर्षं रिकामा पडून गंजतो, नवीन प्लेट आली की पिस्टन परत पुढे येतो आणि सील त्या गंजावरून घासायला लागतं. म्हणून क्लचचं काम काढलंच आहे आणि बूस्टर जुना आहे, तर त्याच वेळी खोलून बघा, गिअरबॉक्स उतरवलेलीच असते.

तिसरा पर्याय म्हणून रिकंडिशन मिळतो. रंग मारलेला, स्वस्त, आणि आत बोअर कसा आहे ते देवाला माहीत. मी घेत नाही. नवीन घेताना जुना सोबत न्या आणि पुश रॉडची लांबी, पाइपांचे थ्रेड दुकानातच जुळवा, दिसायला दोन सारखे असले तरी रॉड वेगळा असतो.

गिअरबॉक्सच्या बाजूला हिशोब उलटा आहे, तिथं कीट जवळजवळ नेहमीच चालतं पण दोषच सापडत नाही. ईटन टाइपच्या रेंजवाल्या बॉक्सला, म्हणजे ज्यात गिअरचे हाय आणि लो असे दोन गट असतात, ते हाय-लो बदलायला मागे हवेचा सिलेंडर असतो. माझ्या एका गाडीचा मागचा ऑइल सील दोनदा बदलला, दोन्ही वेळा महिनाभरात परत ओला. तिसऱ्यांदा दुसऱ्या गावच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने सीलला हातच लावला नाही, गाडी स्टार्ट करून लो रेंजला टाकायला सांगितली आणि गिअरबॉक्सच्या ब्रीदरवर (हवा सुटायच्या तोटीवर) तळहात ठेवला. हवा येत होती. हाय टाकलं, बंद. पुन्हा लो, पुन्हा हवा. रेंज सिलेंडरच्या रॉडवरची ओ-रिंग गेली होती, लो रेंजची हवा बॉक्सात शिरून ऑइलला सीलमधून बाहेर ढकलत होती. ड्रायव्हर आधीपासून म्हणत होता की लो उशिरा पडतो, मी लक्ष दिलं नव्हतं. एका रिंगपायी दोन सील, दोनदा ऑइल आणि पाच-सहा दिवसांचं भाडं गेलं. हवा फक्त हाय रेंजलाच बाहेर मारत असेल तर सिलेंडरच्या कव्हरचं गॅस्केट बघा, आणि दोन्ही रेंजला मागच्या व्हॉल्वमधून सतत येत असेल तर पिस्टनवरचीच रिंग.

काहीही टाकलं तरी टाकीतलं पाणी काढत जा आणि एअर ड्रायरचं फिल्टर वेळेवर बदला, तेच पाणी बूस्टरात जाऊन गंज धरतं. रबर पार्ट डिझेलने धुवायला देऊ नका, फुगतात, ब्रेक ऑइलनेच धुवा. आणि डबीत ब्रेक ऑइल सोडून दुसरं काही, इंजिन ऑइल वगैरे, कोणी अडचणीत ओतलं असेल तर मग नुसता बूस्टर नाही, मास्टर सिलेंडरची रबरं पण गेली समजा, तिथं कीटची भाषा करू नका, दोन्ही खोला आणि पाइप धुऊन घ्या.