छातीवर लावलेले व्हिडिओ-घड्याळ : सात महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्या अण्णांचे स्वरयंत्र कर्करोगामुळे काढावे लागले. घरात ते पाटीवर लिहितात, आणि गळ्याला टेकवून बोलण्याचे इलेक्ट्रोलॅरिंक्स हे यंत्रही त्यांच्याजवळ आहे. पण मंडईतल्या गलक्यात त्या यंत्राचा आवाज पोहोचत नाही आणि दोन्ही हातांत पिशव्या असताना पाटी काढता येत नाही. उत्तर मिळाले नाही की समोरचा माणूस तोच प्रश्न आणखी मोठ्याने विचारतो, कारण यांना ऐकू येत नाही असा त्याचा समज होतो. या समजाचा अण्णांना बोलता न येण्यापेक्षाही अधिक त्रास होत असे. खिशाला छापील कार्ड लावून दोन आठवडे पाहिले, पण स्थिर कागदाकडे कोणाचे लक्ष जात नाही आणि एका कार्डावर एकच वाक्य मावते. म्हणून मी एक जुने व्हिडिओ-घड्याळ त्यांच्या खिशावर पडद्यासारखे बसवले. त्याला आता सात महिने झाले.

ज्यांना एमपी-फोर घड्याळे म्हणत, ती बऱ्याच वर्षांपूर्वी चीनमधून मोठ्या संख्येने आली आणि स्वस्त मोबाइलवर व्हिडिओ दिसू लागताच मागे पडली. पुण्यात तपकीर गल्लीतल्या एका दुकानात जुन्या मालातले तीन नग मला प्रत्येकी साडेचारशे रुपयांना मिळाले. पडदा १.८ इंची, म्हणजे आडवा धरला तर साधारण ३६ मिलिमीटर रुंद आणि २९ मिलिमीटर उंच. त्यावर १६० गुणिले १२८ बिंदू. साठवण ४ जीबी. ब्लूटूथ नाही, स्पर्शपडदा नाही, अ‍ॅप नाही. संगणकाला जोडले की पेनड्राइव्हसारखे उघडते आणि त्यात टाकलेले व्हिडिओ क्रमाने दाखवते. या कामासाठी नेमके एवढेच हवे होते.

घड्याळ हे घालणाऱ्याने पाहायचे असते, आणि छातीवरचा पडदा समोरच्याने. वापरातल्या जवळजवळ सगळ्या अडचणी या एका फरकातून निर्माण झाल्या. पहिली अडचण पाहण्याच्या कोनाची होती. या घड्याळांत टीएन जातीचा पडदा असतो आणि तो सर्व बाजूंनी सारखा दिसत नाही. मनगटावर आपण तो खालच्या कडेकडून पाहतो, त्यामुळे त्या बाजूने तो स्वच्छ दिसतो, पण वरच्या कडेकडून पाहिले की रंग उलटे होतात आणि काळी अक्षरे राखाडी धुक्यात विरतात. छातीवरच्या पडद्याकडे समोरचा माणूस नेमका वरूनच पाहतो. पहिले चार दिवस कोणालाच काही वाचता येईना आणि मला कारण कळेना. शेवटी घड्याळ उलटे बसवले, म्हणजे त्याची खालची कड वर आणली, आणि सर्व व्हिडिओ १८० अंशांत फिरवून घेतले. त्याच क्षणी अक्षरे ठळक दिसू लागली. याचा एक लाभ मी आधी लक्षात घेतला नव्हता: घड्याळाची मूळ यादी आता समोरच्याला उलटी, पण मान खाली घालून पाहणाऱ्या अण्णांना सुलटी दिसते, त्यामुळे निवड करणे त्यांना सोपे जाते. लोकांसाठीचा संदेश त्यांना स्वतःला उलटा दिसतो खरा; परंतु त्यांनी तीस वर्षे छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरे, जुळवले आहेत आणि उलट्या, तेही आरशातल्यासारख्या अक्षरांच्या ओळी डोळ्यांनी तपासल्या आहेत. संदेश बरोबर लागला आहे की नाही हे ते एका नजरेत सांगतात.

अक्षरांच्या बाबतीतही मी त्यांचेच ऐकले. माझ्या पहिल्या आराखड्यात तीन ओळी आणि नाजूक वळणाची अक्षरे होती. शिरोरेषा तुटते आहे, मात्रा आणि अनुस्वार एकमेकांत मिसळत आहेत, असे त्यांनी पाटीवर लिहून दाखवले. ते खरेच होते, कारण या घड्याळांना लागणाऱ्या एएमव्ही प्रकारच्या व्हिडिओत प्रत्येक चौकट (फ्रेम) फोटोंसाठीच्या जेपेग पद्धतीने दाबली जाते आणि बारीक रेषा त्यात सर्वांत आधी नाहीशी होते. आता एका पडद्यावर दोनच ओळी असतात आणि प्रत्येक ओळीच्या ६४ बिंदूंपैकी साधारण ३६ मूळ अक्षराला व उरलेले वेलांट्या-उकारांना दिलेले असतात. म्हणजे अक्षर सुमारे ८ मिलिमीटर उंच येते आणि दीड-दोन मीटरवरून वाचता येते. मुक्ता या खुल्या फॉन्टचे जाड वळण मला सर्वांत चांगले वाटले. पिवळ्यावर काळे हीच रंगजोडी टिकली. निळ्यावर लाल अक्षरे मोहक दिसतात, परंतु या दाबण्यात रंगाचे तपशील उजेडाच्या तपशिलांपेक्षा अधिक गमावले जातात आणि कडा फिसकटतात.

व्हिडिओ तयार करताना ज्या गोष्टींवर माझे तीन रविवार गेले, त्या सविस्तर सांगतो. रूपांतर एफएफएमपेग या मोफत संगणक-प्रोग्रॅमने होते, पण एएमव्ही फाइलमध्ये चित्राबरोबर ध्वनी असावाच लागतो; आपला संदेश मुका असला तरी शांततेचा एक ध्वनिपट्टा जोडावा लागतो. तो २२,०५० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला तितके ध्वनीचे नमुने असलेला, आणि एकपदरी (मोनो) हवा, आणि त्या संख्येला चौकटींच्या गतीने पूर्ण भाग जावा लागतो. मी सेकंदाला १५ चौकटी ठेवल्या, म्हणजे प्रत्येक चौकटीला १,४७० नमुने येतात. मजकूर थेट एफएफएमपेगकडून लिहून घेतला तेव्हा माझ्याकडच्या जुन्या आवृत्तीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडली आणि जोडाक्षरे सुटी झाली, म्हणून आता मी प्रत्येक संदेश इंकस्केप या रेखाटनाच्या प्रोग्रॅममध्ये चित्र म्हणून काढतो आणि मग त्याचा व्हिडिओ करतो. स्थिर चित्रच का लावत नाही, असा प्रश्न पडेल. चित्र दाखवताना हे घड्याळ अर्ध्या मिनिटात पडदा विझवते, व्हिडिओ चालू असताना विझवत नाही. शिवाय आरंभीचे दोन सेकंद पिवळी चौकट मंद उघडझाप करते, आणि तेवढ्या हालचालीने समोरच्याची नजर छातीकडे वळते. छापील कार्ड जिथे कमी पडले ती जागा याच दोन सेकंदांनी भरून काढली. प्रत्येक फाइल दहा मिनिटांची केली आहे, कारण व्हिडिओ संपला की घड्याळ यादीवर परत जाते.

मी उत्साहाने चोवीस संदेश तयार केले होते. अण्णांनी सात ठेवले. ‘मला बोलता येत नाही, ऐकू येते’ हा पहिला. घड्याळ चालू केले की तोच येतो. पुढे ‘जरा थांबा, लिहितो’, ‘किती झाले?’, ‘सुटे नाहीत’, ‘पुन्हा सांगा’, ‘नको, धन्यवाद’ आणि बससाठी ‘एक स्वारगेट’. कितव्या दाबाला कोणता संदेश हे त्यांना न पाहता येते. सर्वांत जास्त वापर ‘जरा थांबा’ या संदेशाचा होतो. पूर्वी ते पाटी काढेपर्यंत माणूस पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलेला असे. आता तो थांबतो. नेहमीच्या भाजीवाल्या मावशी तर आता पडद्याकडे न पाहता अण्णांच्या पाटीची वाट पाहतात.

बॅटरी ही या वस्तूची खरी उणीव आहे. पडद्यामागचा दिवा सतत चालू असल्यामुळे नवा नग सलग अडीच तास चालला, आणि पाचव्या महिन्यात तेच पावणेदोन तासांवर आले. पॉवर बँक जोडून पाहिली: साध्या केबलने घड्याळ संगणकाला जोडल्याच्या अवस्थेत जाते आणि व्हिडिओ बंद पडतो, डेटाच्या तारा नसलेली, फक्त चार्जिंगची केबल लावली तर व्हिडिओ चालतो, पण घड्याळ इतका कमी प्रवाह घेते की पॉवर बँक काही मिनिटांत स्वतःला बंद करते. म्हणून एका नगात संरक्षक पट्टी असलेला ६०० मिलिअँपिअर-तासांचा लिथियम सेल जाणकार कारागिराकडून बसवून घेतला, आणि आता सकाळचा फेरफटका, मंडई व बँक एवढे निभावते. हे काम घरी करणाऱ्यांना एक आग्रहाची विनंती: टीपी४०५६ या चिपचे तयार चार्जिंग मॉड्यूल बाजारात मिळते तसेच लावू नये. ते मुळात १ अँपिअर देते आणि एवढ्या लहान सेलला ते फार होते. त्यावरचा रोध बदलून सुमारे ५ किलो-ओमचा केला की प्रवाह २५० मिलिअँपिअरच्या आसपास येतो.

उन्हात पडदा फिका पडतो. १९८२ साली जपानमध्ये आलेल्या सेकोच्या टीव्ही-घड्याळाला मागचा दिवाच नव्हता आणि त्याचे चित्र बाहेरच्या उजेडावर दिसत असे. इथे नेमके त्याच्या उलट आहे. काळ्या फोमचे दीड सेंटिमीटरचे छप्पर लावल्यावर सावलीत आणि ढगाळ हवेत अडचण राहिली नाही, परंतु दुपारी बाराला रस्त्यावर आजही नीट वाचता येत नाही. केवळ एकच संदेश आणि तोही उन्हात दाखवायचा असेल, तर वीज न घेता अक्षरे धरून ठेवणारा ई-पेपरचा पडदा निश्चित सरस आहे. ज्यांना प्रोग्रॅमिंग येते त्यांनी ईएसपी३२ ही प्रोग्रॅम करता येणारी चिप आणि गोल पडद्याचे मॉड्यूल घ्यावे. त्यात बिंदू अधिक मिळतात. मला मात्र अण्णांनी एकट्याने, माझ्या मदतीशिवाय वापरावी अशी वस्तू हवी होती.

अंगावर बसवण्याविषयी एक काळजी सांगणे आवश्यक आहे. अशा शस्त्रक्रियेनंतर श्वास गळ्यावरच्या छिद्रातून घेतला जातो, म्हणून गळ्यात दोरी घालून घड्याळ लटकवू नये. आम्ही तशी चूक पहिल्या दिवशी केली आणि छिद्रावरचे जाळीदार कापड सरकले. आता घड्याळाचा पट्टा काढून मागे रुंद क्लिप चिकटवली आहे आणि ती शर्टाच्या खिशाला बसते. लोहचुंबकाची क्लिप अधिक सोयीची असते, पण ज्यांच्या हृदयात पेसमेकर आहे त्यांनी ती वापरू नये.

तीनपैकी एका नगाचे बटण चौथ्या महिन्यात अडकू लागले आणि तो आता सुट्या भागांसाठी ठेवला आहे. दुसरा अण्णांनी त्यांच्यासारखीच शस्त्रक्रिया झालेल्या एका स्नेह्यांना दिला. त्यांच्यासाठी पहिला संदेश तोच ठेवला आणि बाकीचे सहा त्यांनी स्वतः पाटीवर लिहून दिले.