मॉड्युलर किचन, १४ महिने वापरून झाल्यावर: सगळं ठीक, फक्त ते एक भोक

आधीच सांगते, हा रिव्ह्यू खरं तर अख्ख्या घराच्या इंटिरियरचा आहे पण वाचताना तुम्हाला वाटेल की ही बाई सिंकखालच्या एका कपाटाबद्दलच बोलतेय. तर हो, तसंच आहे. साडेसात लाख घातल्यावर ज्या गोष्टीने झोप उडवली तिच्याबद्दलच माणूस बोलणार.

मोशीला २ बीएचके, ओटा बिल्डरने दिलेला (काळा ग्रॅनाइट, सिंक, वर दोन फूट टाइल्स, नेहमीचंच). इंटिरियर कंपनीचं नाव लिहीत नाही, वाद अजून मिटलेला नाही. पॅकेज ६,४०,००० अधिक १८ टक्के जीएसटी म्हणजे ७,५५,२००. मी अकाउंट्समध्ये आहे त्यामुळे खिळ्यापासून सगळं एक्सेलमध्ये आहे, नवरा म्हणतो घराची वास्तुशांत केली तशी एकदा त्या एक्सेलचीही कर. ४५ वर्किंग डेजचं काम ८३ दिवसांत झालं. २०२४ च्या दसऱ्याला राहायला आलो तेव्हा हॉलच्या फॉल्स सीलिंगला प्रायमर होता आणि देवघराला दार नव्हतं. त्याचं आता काही वाटत नाही, सगळ्यांचंच असं होतं.

पहिल्या सहा महिन्यांत मला कुणी विचारलं असतं तर मी डोळे मिटून चार स्टार दिले असते, दोन मैत्रिणींना नंबरही दिलाय, त्यांची इथे जाहीर माफी मागते.

चांगलं काय ते पटकन सांगून टाकते. वॉर्डरोब उत्तम. माळ्याची शटरं हायड्रॉलिक घेतली, वाटलं होतं उगाच खर्च, पण सासूबाईंचं वय बघता तेच सगळ्यात कामाचं निघालं, एका हाताने वर जातं आणि तिथेच थांबतं. ट्रॉल्या ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या, वायरबास्केटच्या. डिझायनर टँडेम बॉक्सचा (बंद तळाच्या ड्रॉवरचा) आग्रह करत होती पण आमच्याकडे भांडी ओली लावायची सवय, पाणी खाली निथळायला जागा हवी, त्यामुळे मी अडून बसले आणि ते बरं झालं. गोला प्रोफाइल मात्र घेऊ नका. हँडल नसलेलं किचन फोटोत फार सुंदर दिसतं, पण त्या खाचेत कणीक आणि बेसन जाऊन बसतं, आणि ते जुन्या टूथब्रशशिवाय निघत नाही. कॉर्नरला २२ हजाराचं फिरतं मॅजिक कॉर्नर बसवलंय, त्यात सध्या पुरणयंत्र, एक फुटका मिक्सर आणि दिवाळीच्या पणत्या आहेत.

तर आता सिंक.

बिल्डरने ओट्याखाली सिंकच्या जागी कडप्प्याचा एक आडवा कप्पा दिला होता. कंपनीच्या माणसाने आल्या आल्या सांगितलं की हे सगळं काढावं लागेल, मॉड्युलर बसणार नाही. सासूबाई तिथेच उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "बाकीचं काढा हो, सिंकखालचा कडप्पा राहू द्या, तिथे लाकूड टिकत नाही." डिझायनर पोरगी गोड हसून म्हणाली, "काकू, आता कडप्पा कुणी ठेवत नाही, हे एचडीएचएमआर आहे, वॉटरप्रूफच असतं." (एचडीएचएमआर म्हणजे लाकडाच्या तंतूचा दाबलेला बोर्ड, त्याबद्दल पुढे.) मीही हसले. खोटं कशाला बोलू, मलाही तेव्हा कडप्पा म्हणजे कराडच्या जुन्या घराचं स्वयंपाकघर वाटायचं. कडप्पा काढायचे ३,५०० रुपये 'सिव्हिल वर्क' म्हणून बिलात लागले. फरशी चांगली होती म्हणून सासूबाईंनी टाकू दिली नाही, ड्राय बाल्कनीत नेऊन दोन विटांवर ठेवली आणि तिच्यावर तुळशीची कुंडी. तिला एका कोपऱ्यात बिल्डरच्या गवंड्याने पाईपसाठी अर्धगोल खाच पाडलेली होती, कुंडीचं पाणी तिथून बरोबर खाली निघून जायचं, त्यामुळे त्या खूश होत्या.

२०२५ च्या गणपतीत, गौरी जेवल्या त्या दिवशी, चाळीसेक माणसांची भांडी त्या सिंकवर पडली. संध्याकाळी कचऱ्याची पिशवी बदलायला शटर उघडलं तर ते खाली घासलं. मला वाटलं बिजागरी सैल झाली असेल, स्क्रू आवळला. दोन दिवसांनी परत. मग खाली वाकून बघितलं तर तळाची पाटी मधोमध फुगून वर आलेली, पाव फुगतो तशी, आणि बोटाने दाबली तर भुसा. वास वेगळाच. नवरा चाकणला क्वालिटीत आहे त्यामुळे आमच्याकडे व्हर्नियर (जाडी मोजायचं उपकरण) घरातच असतो. कडेला १८ मिमी, फुगलेल्या जागी २६. त्याने फोटोही व्हर्नियरसकट काढले, कंपनीला पाठवायला.

कंपनीची वॉरंटी दहा वर्षांची. तक्रार टाकली तर पहिल्यांदा 'इन्स्पेक्शन व्हिजिट'चे ७५० अधिक जीएसटी मागितले. दिले. माणूस आला, मोबाईलने चार फोटो काढले, चहा घेतला, गेला. नऊ दिवसांनी मेल, की नुकसान 'बाह्य स्रोतातून आलेल्या पाण्यामुळे' झालेलं असल्याने वॉरंटीत बसत नाही आणि नवीन बॉक्स हवा असल्यास १४,८०० अधिक जीएसटी. सिंकखाली पाणी बाह्य स्रोतातून येणार नाही तर काय आकाशवाणीतून येणार?

मग मी कोटेशन काढून बसले. त्यात स्पष्ट लिहिलंय, किचन एचडीएचएमआर, 'वेट एरिया' बीडब्ल्यूपी प्लाय (पाण्यात टिकणारा). मी मेल केला की सिंकखाली बीडब्ल्यूपी का नाही? उत्तर आलं की अटींच्या पान क्रमांक सहावर वेट एरियाची व्याख्या आहे, त्यात फक्त बाथरूमचं व्हॅनिटी युनिट येतं. म्हणजे सिंकखालचा भाग वेट एरिया नाही. वाळवंट आहे बहुतेक. सही माझी आहे, पान सहा मी वाचलं नव्हतं, आणि लोकांच्या व्हाउचरवरची सही तपासण्यात माझी नोकरी चाललीय.

यानंतर मी जो अभ्यास केला त्यातलं कामाचं तेवढं लिहिते. एचडीएचएमआर म्हणजे लाकडाचा तंतू रेझिनमध्ये दाबून केलेला बोर्ड, नावातच मॉइश्चर रेझिस्टन्स आहे, म्हणजे दमटपणा सहन करतो. वॉटरप्रूफ हा शब्द विकणाऱ्याच्या तोंडात असतो, बोर्डवर नसतो. बीडब्ल्यूपी म्हणजे आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लाय, त्याचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवूनही थर सुटायला नकोत अशी चाचणी असते. एमआर, म्हणजे फक्त दमटपणा सहन करणारा प्लाय आयएस ३०३ मध्ये येतो, तो बेडरूमला ठीक. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला एका शनिवारी स्वतः जाऊन भाव विचारले तर ७१० आणि एचडीएचएमआरमध्ये आठ बाय चारच्या शीटमागे हजार-दीड हजाराचा फरक सांगितला. सिंकच्या बॉक्सला पूर्ण शीटसुद्धा लागत नाही. म्हणजे साडेसात लाखांत कंपनीने माझ्याकडून बाराशे रुपये वाचवले.

इथपर्यंत लिहून ड्राफ्ट ठेवला होता आणि शेवटी एक स्टार द्यायचा ठरवलेला. पण मधे एक गोष्ट कळली त्यामुळे थोडं मागे यावं लागतंय.

समोरच्या बिल्डिंगमध्ये काम करणारा एक राजस्थानी मिस्त्री आहे, आमच्या देवघराचं दार शेवटी त्यानेच लावलं होतं. त्याला बोलावलं. तो आला, आडवा झाला, टॉर्च लावला आणि दोन मिनिटांत म्हणाला, "भाभी, माल की गलती आधी है, ये छेद देखो." म्हणजे मालाची चूक अर्धीच, हे भोक बघा. सिंकचा वेस्ट पाईप तळाच्या पाटीतून खाली जमिनीतल्या लाइनला जातो, त्यासाठी साइटवर होल सॉने अडीच-तीन इंचाचं भोक पाडलेलं. पाटीच्या चारही कडांना फॅक्टरीत व्यवस्थित एज बँडिंग (कड झाकणारी पट्टी), पुढे २ मिमी, आत ०.८. पण त्या भोकाची कड पूर्ण कच्ची. ना सिलिकॉन, ना प्लास्टिकची रिंग, काही नाही. वरून आणि खालून लॅमिनेट आणि मधे उघडा तंतू, स्पंजसारखा पाणी प्यायला तयार.

आणि पाणी कुठून? तर आमच्या आरओच्या (पाणी शुद्ध करायच्या मशीनच्या) रिजेक्टची, म्हणजे टाकाऊ पाण्याची पाव इंची नळी. आरओवाल्याने ती वेस्ट पाईपच्या तोंडाशी नुसती खोचून ठेवली होती, ना क्लिप ना टेप. आमच्याकडे अर्धा आठवडा टँकरचं पाणी, टीडीएस (विरघळलेले क्षार) जास्त, त्यामुळे रिजेक्टही भरपूर. थेंब थेंब पाणी पाईपच्या अंगाला धरून खाली उतरायचं आणि बरोबर त्या भोकाच्या कडेला जाऊन थांबायचं. तळाशी डबकं कधी दिसलंच नाही, कारण पाटी सगळं पिऊन टाकत होती. अकरा महिने. गौरीच्या भांड्यांवर मी उगाच आळ घेतला, त्या दिवशी फक्त दिसलं.

म्हणजे कंपनीचं 'बाह्य स्रोत' हे अगदीच खोटं नाही हे मला मान्य करावं लागतंय, आणि ते करताना दात दुखतायत. पण भोक तर त्यांच्या माणसाने पाडलं ना? सिंकखाली कधी ना कधी पाणी गळणारच हे माझ्या सासूबाईंना माहीत आहे, यांना नाही? सिलिकॉनचा एक पट्टा, दोन मिनिटांचं काम. मी त्यांना मिस्त्रीच्या टॉर्चमधले फोटो पाठवले, हा मुद्दा इन्स्टॉलेशनचा आहे, पाण्याचा नाही असं लिहिलं. पंधरा दिवस शांतता. मग ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवली आणि तक्रार क्रमांक मेलमध्ये टाकला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला फोन. आवाज एकदम मऊ. 'गुडविल जेश्चर' म्हणून बॉक्सवर ४० टक्के सूट देतो म्हणाले. मी विचारलं नवीन बॉक्स कशाचा? एचडीएचएमआरचाच. आणि भोक? "मॅम, ते साइट टीम बघेल."

फोन ठेवला. सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या, सगळं ऐकत होत्या. वर्षभरात एकदाही 'मी सांगितलं होतं' म्हणाल्या नाहीत, त्याचाच जास्त त्रास होतो. एवढंच म्हणाल्या, "अगं, ती फरशी आहे की बाहेर."

मिस्त्रीने तळ काढून टाकला. बाजूच्या पाट्या खालून दोन बोटं कापल्या, कडेला मरीन फेविकॉल चोपडून वर पीव्हीसीची पट्टी मारली. दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटचे उभे तुकडे ठेवले आणि त्यावर कडप्पा सरकवला. खाच कुठे येते बघायला आम्ही तिघंही वाकून उभे. पाईप बरोबर खाचेत. अर्थात येणारच, ती त्याच पाईपसाठी त्याच जागी पाडलेली होती, तरी नवऱ्याने व्हर्नियर आणून गॅप मोजलाच. शटर तेच, बिजागऱ्या त्याच, बाहेरून काही कळत नाही. मजुरी २,२०० आणि सामान ६४०, एक्सेलमध्ये टाकलं. त्याच शीटमध्ये वर कडप्पा काढायचे ३,५०० आहेत, त्या ओळीला मी लाल रंग दिलाय.

आरओची नळी आता क्लिपने बांधलेली आहे, आणि आठवड्यातून एकदा मी तिथे बोट फिरवून बघते, ही सवय आता जाणार नाही.

त्याच रात्री मोबाईलचा टॉर्च घेऊन सगळ्या घरातली कच्ची भोकं मोजली. नऊ निघाली. टीव्ही युनिटच्या मागे वायरीसाठी तीन, फ्रीजच्या वरच्या कपाटात एक, वॉशबेसिनच्या व्हॅनिटीत दोन (हा त्यांचा अधिकृत वेट एरिया!), बाकी इकडेतिकडे. सिलिकॉनची ट्यूब आणि गन आणून ओल्या जागांची स्वतः भरली, पहिली दोन फारच घाण दिसतात, तिसऱ्यापासून हात बसला. तुमच्याकडे काम चालू असेल तर हँडओव्हरच्या दिवशी रंग आणि लाइट नंतर बघा, आधी खाली आडवे व्हा आणि पाईपभोवती बोट घाला. बोटाला खरखरीत लागलं तर शेवटचा हप्ता थांबवा. आम्ही शेवटचे दहा टक्के फुलांच्या तोरणाखाली हसत हसत दिले होते.

स्टार म्हणाल तर तीन. दोन वॉर्डरोबचे, एक माळ्याचा. १९१५ ची तक्रार अजून बंद केलेली नाही, ७५० अधिक जीएसटी परत मागितलेत, ८८५ होतात, आणि ते मी सोडणार नाही.

तुळस सध्या उलट्या बादलीवर आहे. सासूबाईंनी दुसरी फरशी शोधायला सांगितलीय.