खानापूरजवळच्या बायोडिझेल शिबिरात दोन दिवस

खानापूरजवळ एका मळ्यात गावच्या पोरांनी घेतलेलं बायोडिझेलचं, म्हणजे तळणीच्या वापरलेल्या तेलापासून इंजिनाचं इंधन बनवायचं, दोन दिवसांचं शिबिर केलं, ज्यांच्याकडे डिझेलवरचं पंप इंजिन आहे त्यांनी नक्की जावा. नुसती भाषणं नाहीत, हाताने करायला देतात. भजीच्या गाड्यांवरनं गोळा केलेलं काळं तेल आधी फडक्यातनं गाळलं, तापवून त्यातलं पाणी उडवलं, कारण पाणी राहिलं की डिझेलऐवजी साबणच होतो म्हणे, आणि एका ग्रुपचा झालापण तसाच, सगळा डबा घट्ट. मग तेल ५५-६० डिग्रीवर ठेवून, १० लिटरला साधारण २ लिटर मिथेनॉल (एक प्रकारचं अल्कोहोल), त्यात आधीच विरघळवलेला कॉस्टिक सोडा, हे हळूहळू ओतून तासभर ढवळलं. सकाळी बघितलं तर खाली काकवीसारखं दाट ग्लिसरीन आणि वर मधाच्या रंगाचं बायोडिझेल, खरंच बघत बसावंसं वाटलं!

सोडा किती घालायचा ते तेलाची आम्लता तपासून ठरवतात, हे शिकवणाऱ्या दादांनी न कंटाळता तीनदा समजावलं.

एकच तक्रार, हातमोजे आणि चष्मे सगळ्यांना पुरले नाहीत. मिथेनॉल विषारी, पटकन पेटणारं, सोडा कातडी जाळतो, इथं काटकसर अजिबात चालणार नाही, फी शंभरभर वाढवा पण हे द्या. जेवण मस्त, पिठलं भाकरी. आता आमच्या गल्लीतल्या बायका वापरलेलं तेल मोरीत न ओतता माझ्याकडे कॅनमध्ये आणून देतात, आठ लिटर जमलंय.