लेनोवो थिंकस्टेशन पी३३० टायनी: रॅम, एसएसडी वाढवून वापरल्यावर

रिफर्बिश्ड, म्हणजे जुनं दुरुस्त करून विकलेलं कॉम्प्युटर मशीन घ्यायचं आणि जमेल तसं त्यात एकेक पार्ट वाढवत न्यायचं असं डोक्यात असेल तर पी३३० टायनी बघाच. जेमतेम एक लिटरचा डबा, मॉनिटरच्या मागे अडकवता येतो, पण आत प्रोसेसर सॉकेटवाला (म्हणजे बदलता येणारा), रॅमचे दोन स्लॉट, एम.२ चे (पट्टीसारख्या एसएसडीचे) दोन आणि वर ग्राफिक्स कार्डसुद्धा! माझं काम डीटीपीचं, दिवाळी अंकाच्या दिवसांत इनडिझाईन आणि फोटोशॉप दोन्ही सकाळपासून उघडे असतात आणि शेजारी ब्राउझरचे ढीगभर टॅब, त्यात ८ जीबी रॅमवर पान उलटायलाही वाट बघावी लागायची.

माझ्यात आय७-८७००टी आहे, सहा कोअर, ३५ वॉट. आधीचा पी३२० टायनी स्वस्तात मिळतो पण तो घेऊ नका, त्यातले जुन्या जनरेशनचे प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाहीत आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

उघडायला एकदम सोपं. मागचा एक स्क्रू काढला की वरचं झाकण सरकतं, मग खालचं कव्हर सरकवायचं, रॅम आणि एसएसडी दोन्ही खालच्या बाजूला. रॅम लॅपटॉपवाली लागते, डीडीआर४, २६६६ वेगाची. ३२०० ची टाकली तरी चालते पण धावते २६६६ नेच. यात ईसीसी (चुका आपोआप सुधारणारी रॅम) चालत नाही, वर्कस्टेशन म्हणतात म्हणून कोणी ईसीसी गळ्यात मारत असेल तर सरळ नाही म्हणा. मी १६-१६ च्या दोन घातल्या, ३२-३२ करून ६४ पर्यंत जाता येतं. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव असे चढलेत की नवीन घ्यायला हात धजत नाही, त्यामुळे मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जुन्या काढलेल्या स्टिका बघितल्या. तिथे बऱ्याचदा फक्त टेस्टिंग वॉरंटी, म्हणजे चालते का ते तपासण्यापुरतीच हमी मिळते, म्हणून घरी आल्या आल्या रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासायचा प्रोग्रॅम) लावून ठेवायचा, हे टाळू नका.

एसएसडी जेन३ ची, म्हणजे पीसीआयई ३.० पिढीची पुरे. स्लॉटच पीसीआयई ३.० चे आहेत, जेन४ ची महागडी घेतली तरी वेग साधारण सेकंदाला ३५०० एमबीच्या आसपास अडकतो. दोन स्लॉटचा फायदा मात्र खरा आहे, एकावर विंडोज आणि दुसऱ्यावर सगळी कामं, विंडोज परत टाकायची वेळ आली तरी अंकाच्या फायलींना धक्का लागत नाही.

आता ग्राफिक्स. माझ्यात क्वाड्रो पी६२० आहे, २ जीबी, मागे मॉनिटर जोडायला चार मिनी डिस्प्लेपोर्ट. पानं लावायला, फोटो करायला भरपूर, पण ४के व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांनी यावर भिस्त ठेवू नये, २ जीबीत ते दमतं. कार्ड असलं की २.५ इंची ड्राइव्हची जागा जाते. आणि कार्ड नंतर बसवायचं तर नुसतं कार्ड घेऊन भागत नाही, रायझर (कार्ड ज्यात खोचतात तो छोटा बोर्ड) आणि मागची पट्टी या मॉडेलचीच लागते.

सगळ्यात महत्त्वाचं, अडॅप्टर. कार्डवाल्या मशीनला १३५ वॉटचा हवा, मला विक्रेत्याने ९० चा दिला होता आणि जरा जड फाइल एक्सपोर्टला लावली की प्रोसेसरचा क्लॉक (वेग) खाली यायचा, मशीनच खराब आहे असं वाटावं इतकं. भांडून बदलून घेतला आणि त्रास गेला. घेतानाच अडॅप्टरवरचं लेबल वाचा, २० व्होल्ट ६.७५ अँपियर लिहिलेलं पाहिजे.

पंखा छोटा, लोड आला की आवाज करतो, शांत खोलीत जाणवतो. थर्मल पेस्ट नवीन लावून हीटसिंकमधली धूळ काढल्यावर बराच कमी झाला, जुन्या मशीनला हे करूनच घ्या. खोलायच्या आधी लेनोवोच्या साइटवरचं हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल उतरवून घ्या, फुकट आहे आणि कुठला पार्ट कसा काढायचा ते चित्रांसकट दिलंय.