पेट स्कॅनचा अनुभव: बाबांचा ताप, साखरेचं इंजेक्शन आणि कसारा घाटात अडकलेली गाडी

आधीच सांगून टाकते, स्कॅनला माझ्याकडून साडेचार स्टार आणि जिथे केला त्या सेंटरला दोन, त्यातलाही दीड तिथल्या टेक्निशियन मुलीचा. सेंटरचं नाव लिहीत नाही, नाशिकमधलं आहे एवढं पुरे. भांडण करायचं नाहीये, पण कोणाच्या घरी असा पेशंट असेल तर त्याला आधी चार गोष्टी माहीत असाव्यात म्हणून लिहितेय.

बाबा ६८ वर्षांचे. दोन महिने रोज संध्याकाळी ताप, ९९.५ ते १०१, रात्री घामाने उशी ओली, वजन सात किलो उतरलं. सीआरपी ९४, ईएसआर ११०, म्हणजे रक्तात दाह दाखवणारे दोन्ही आकडे खूप वर. मलेरिया डेंग्यू टायफॉइड झालं, ब्लड कल्चर तीनदा झालं, सोनोग्राफी, टूडी इको, छातीचा एक्सरे, सगळं नॉर्मल. फाइल एवढी जाड झाली की रबरबँड तुटायला लागले. फिजिशियन म्हणाले पीयूओ, म्हणजे ताप का आहे ते कळत नाही याचं डॉक्टरी नाव. मग ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे सांधे-स्नायूंच्या दाहाच्या डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनी बाबांना फक्त हात वर करा म्हटलं, ते कानापर्यंतसुद्धा गेले नाहीत, आणि मग ते म्हणाले पेट-सीटी करू, म्हणजे पेट स्कॅन आणि सीटी स्कॅन एकत्र.

घरी येऊन सांगितलं तर शेजारच्या काकू म्हणाल्या, पोटाचा का गं? हिंदीतला पेट. पण मराठीत धरलं तर नाव चपखल बसतं, शरीरात जे पेटलंय ते दिसतं. आणि दुसरी प्रतिक्रिया म्हणजे सगळ्यांचे चेहरे पडले, कारण आपल्याकडे पेट स्कॅन म्हणजे कॅन्सर हे डोक्यात फिट आहे. कॅन्सरसाठी तो जास्त होतो हे खरं, पण तो मुळात कॅन्सर शोधत नाही, तो साखर कोण जास्त खातंय ते शोधतो.

मी बारावीला केमिस्ट्री शिकवते त्यामुळे हा भाग मला जरा जास्तच आवडला, कंटाळा आला तर पुढचा पॅरा सोडा.

जे इंजेक्शन देतात ते एफडीजी, फ्लुरोडीऑक्सिग्लुकोज. आपलं साधं ग्लुकोज, फक्त दुसऱ्या कार्बनवरचा ओएच काढून तिथे किरणोत्सारी फ्लोरीन-१८ बसवलेला. जिथे दाह चालू असतो तिथे पांढऱ्या पेशींची गर्दी झालेली असते आणि त्या पेशी कामावर असल्या की ग्लुकोज बकाबका ओढतात. ग्लुकोजच आलंय असं समजून पेशी ह्याला आत घेते, त्यावर फॉस्फेटचा शिक्का मारते, आणि मग गाडी अडते, कारण पुढच्या पायरीला नेमका तो दुसऱ्या कार्बनवरचा ओएच लागतो. ना पुढे जाता येत ना बाहेर पडता येत. तिथे बसून फ्लोरीन किरण सोडत राहतो आणि मशीन ते टिपतं. आणि सगळ्यात भारी म्हणजे फ्लोरीन-१८ विघटित झाला की त्याचा ऑक्सिजन-१८ होतो, त्याला हायड्रोजन मिळाला की परत ओएच तयार, म्हणजे शेवटी उरतं ते ग्लुकोजच, फक्त ऑक्सिजन थोडा वजनदार. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरची पोरं पण मोबाईल खाली ठेवून ऐकत होती.

आता सेंटरबद्दल. आदल्या दिवशी फोन आला, उद्या नऊला या, उपाशी या. बास, एवढंच. बाबांना डायबेटीस आहे, मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी चालू आहे, हे मी आपणहून सांगितलं तर पलीकडून "हो हो, चालेल". आता मेटफॉर्मिनने आतडी साखर जास्त ओढतात आणि चित्रात साखर जास्त तिथे काळं दिसतं, म्हणजे आतडं काळंकुट्ट, म्हणून बरीच सेंटर्स दोन दिवस आधी डॉक्टरांना विचारून ती गोळी थांबवायला सांगतात, हे मला नंतर कळलं. कधी, तर रिपोर्टमध्ये "आतड्यांबद्दल नीट सांगता येत नाही" असं छापून आल्यावर! साडेसोळा हजार भरून. इन्शुरन्सवाल्यांनी तर ॲडमिट नाही म्हणून हात वर केले, ते वेगळंच.

नऊला पोचलो. काउंटरवर पैसे आधी. शुगर तपासली, १४२, ठीक आहे म्हणाले, २०० च्या वर असेल तर बहुतेक ठिकाणी परत पाठवतात कारण रक्तातली साखर आणि ही साखर एकाच दारातून आत जायला भांडतात. मग बसलो. दहा वाजले, अकरा वाजले. आमच्यासोबत आणखी पाच पेशंट, सगळे आदल्या रात्रीपासून उपाशी, एक आजी तर सिन्नरच्याही पुढून आलेल्या. विचारलं की उत्तर एकच, "डोस येतोय." कुठून येतोय कोणी सांगेना. शेवटी वॉचमनने सांगितलं की औषध मुंबईहून गाडीने येतं आणि गाडी कसारा घाटात ट्रक बंद पडलाय त्याच्या मागे उभी आहे. समृद्धी झालेला असताना हा जुन्या घाटात कशाला शिरला, हे बाबांनी उपाशीपोटी तीन वेळा विचारलं.

ह्यात नुसती गैरसोय नाही, गणित आहे. फ्लोरीन-१८ चा अर्धायुकाल ११० मिनिटं. म्हणजे मुंबईत सायक्लोट्रॉनमधून, म्हणजे हा फ्लोरीन बनवणाऱ्या यंत्रातून निघाल्यावर पावणेदोन-दोन तासांनी अर्धं, पावणेचार तासांत पाव. साठा करून फ्रिजमध्ये ठेवण्यातलं हे औषधच नाही, रोज सकाळी ताजं बनवायचं आणि पळवत न्यायचं, दुधासारखं. १९७६ मध्ये माणसाला पहिल्यांदा एफडीजी दिलं तेव्हाही हीच कथा, बनवलं न्यूयॉर्कजवळच्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत आणि दिलं फिलाडेल्फियाला, पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीत. आपल्याकडे पहिला मेडिकल सायक्लोट्रॉन परळला, बीएआरसीच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये, २००२ साली आला. त्यामुळे गाडीला उशीर झाला ह्याचा राग नाही मला, घाट आहे, होतं. राग ह्याचा की सहा उपाशी माणसांना कोणी येऊन दोन वाक्यं सांगितली नाहीत. साडेबाराला बाबांची शुगर ९१, आकडा चांगला पण माणूस पार गळून गेलेला, आणि खुर्च्या कसल्या तर त्या लोखंडी जाळीच्या.

पावणेएकला गाडी आली. शिशाचा डबा, छोटा पण दोन माणसांनी उचलला.

इथून पुढे मात्र ती टेक्निशियन मुलगी, तिला माझे पूर्ण मार्क. बाबांना वेगळ्या खोलीत नेलं, मंद दिवा, आरामखुर्ची, अंगावर ब्लँकेट. जाड धातूच्या नळकांड्यात बसवलेली सिरिंज, ८ मिलिक्युरी, हे किरणोत्साराचं माप. "काका, आता तासभर बोलायचं नाही, मोबाईल नाही, काही चघळायचं नाही, हलायचं पण नाही." बाबा म्हणाले, जप केला तर चालेल का. ती म्हणाली मनातल्या मनात करा, ओठ नाही हलवायचे. आणि हे विनोद म्हणून नाही, जो स्नायू काम करतो तो साखर खातो, बोललं तर घशाजवळ डाग दिसतो, थंडी वाजली तर तिसरीकडेच दिसतो.

मशीनवर झोपल्यावर खरी पंचाईत. हात डोक्याच्या वर ठेवायचे असतात, वीस मिनिटं. बाबांचे खांदे गेले दीड महिना सकाळी बनियन घालायलासुद्धा तयार नव्हते, आई घालून द्यायची. काचेतून मला दिसत होतं, त्यांनी उजवा हात डाव्या हाताने धरून वर न्यायचा प्रयत्न केला आणि तोंड वाकडं झालं. आतून कोणीतरी माइकवर "हात वर घ्या आजोबा, वर" असं ओरडत होतं. ती मुलगी उठून आत गेली, दोन उश्या लावल्या, जमेना, मग सरळ हात अंगाशी ठेवून पट्टा बांधला, बाहेर येऊन म्हणाली चित्र थोडं खराब येईल पण येईल. आणि जाता जाता फॉर्मवर लिहिलं, खांदे दुखतात, हात वर जात नाहीत. ती एक ओळ रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांना उपयोगी पडली असं ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट नंतर म्हणाले.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. चित्र बघून आधी मी घाबरलेच कारण मेंदू कोळशासारखा काळा, मूत्राशय काळं. मग कळलं की ते सगळ्यांचंच असतं, मेंदू साखरेवरच चालतो आणि उरलेलं औषध लघवीतून जातं. नॉर्मल नव्हतं ते वेगळं होतं, छातीतून खाली उतरणारी महाधमनी अख्खी पाइपलाइनसारखी उठून दिसत होती, मानेच्या खालच्या दोन्ही बाजूच्या शाखाही. ही तीव्रता लिव्हरशी तुलना करून बघतात, बाबांची लिव्हरपेक्षा जास्त होती. शिवाय दोन्ही खांदे आणि बसायच्या हाडांजवळ डाग. निदान, मोठ्या रक्तवाहिन्यांचा दाह, सोबत पॉलिमायल्जिया, म्हणजे खांदे-कंबर आखडून दुखवणारा दाहाचा आजार. दोन महिन्यांच्या रबरबँडवाल्या फाइलमध्ये जे नव्हतं ते एका चित्रात.

पण अर्धा स्टार कापलाय तो का, तेही ऐका. हा स्कॅन कुठे पेटलंय ते सांगतो, कशाने पेटलंय ते सांगत नाही. छातीत एक छोटी गाठ पण थोडी चमकली होती आणि रिपोर्टमध्ये खाली ओळ, "टीबी किंवा इतर कारण नाकारता येत नाही." आपल्याकडे टीबी घरोघरी, आणि टीबीची गाठ ह्या स्कॅनमध्ये कॅन्सरसारखीच लखलखते. आमच्याकडे त्या एका ओळीवर रात्रभर कोणी झोपलं नाही. ऱ्हुमॅटॉलॉजिस्टनी सीटीचा भाग बघून सांगितलं की गाठीत कॅल्शियम साचलंय, जुनी आहे, लक्ष ठेवू. म्हणून रिपोर्ट गुगल करत बसू नका, ज्यांनी लिहून दिलाय त्यांच्याकडेच घेऊन जा. आणि निरोगी माणसाने "फुल बॉडी चेकअप" म्हणून हा स्कॅन करायला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. नुसत्या ह्या इंजेक्शनचंच रेडिएशन बाबांच्या डोसला साधारण साडेपाच मिलिसिव्हर्ट होतं, सीटीचं वेगळं, आणि निसर्गातून आपल्याला वर्षभरात जगाच्या सरासरीने २.४ मिळतं. त्यातून काहीतरी कुठेतरी चमकणारच, मग त्याच्यामागे धावत बसा.

अजून एक, हे फार महत्त्वाचं. आमच्या गल्लीतले डॉक्टर स्कॅनच्या आधीच स्टिरॉइड सुरू करू म्हणत होते, बरं वाटेल म्हणून. वाटलं असतं, पण स्टिरॉइडने दाह दबतो आणि चित्रही पुसट होतं, सुरू केलंच तर स्कॅन तीन दिवसांच्या आत व्हायला हवा असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. मात्र ह्या आजारात डोकं ठणकायला लागलं, अचानक दिसायला कमी झालं, तर स्कॅनची वाट बघायची नाही, त्याच तासाला डॉक्टरकडे, डोळा जाऊ शकतो.

मग प्रेडनिसोलोन ४० हे स्टिरॉइड सुरू केलं. दुसऱ्या दिवशी ताप नाही. चौथ्या दिवशी बाबा बाथरूममधून बाहेर आले ते बनियन घालून, आई दारात हात पुढे करून उभी.

आता साखर म्हटलीच आहे तर आईचंही सांगते. तिच्या गुडघ्यांसाठी आम्ही ग्लुकोसामाइनच्या गोळ्या आठ महिने आणल्या, तीही साखरच, ग्लुकोजची सख्खी बहीण. तिला एक स्टार. अमेरिकेत २००६ साली १५८३ लोकांवर मोठी चाचणी आली, ग्लुकोसामाइनवाल्यांपैकी ६४ टक्क्यांना फरक पडला आणि नुसत्या खोट्या गोळीवाल्यांपैकी ६० टक्क्यांना! आणि वरून ती बनते कशापासून, तर बहुतेक कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून. आई माळकरी. मी डबीवरचं बारीक अक्षर वाचून दाखवलं त्या दिवशी तिने डबी खिडकीतून बाहेरच ठेवली आणि आठ महिने मला कोणी सांगितलं का नाही म्हणून माझ्यावरच चिडली.

साखरेवर आधारलेलं दाह थांबवणारं औषध बनवणं सोपं नाहीच. पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून धरून घरंगळत येतात ते पेशीवरच्या साखरेच्या टोकांनी, ती पकडच सोडवायची म्हणून त्या साखरेची नक्कल करणारं रिव्हिपॅनसेल नावाचं औषध सिकल सेल ह्या रक्ताच्या आजारातल्या दुखण्यासाठी आणलं होतं, कल्पना इतकी सुंदर, आणि २०१९ मध्ये शेवटच्या टप्प्यात नापास. दाह शोधायला साखर पास आणि थांबवायला अजून एटीकेटी असं आमच्या स्टाफरूममध्ये सांगितलं तर सगळे हसले.

जाणार असाल तर डोस कुठून आणि किती वाजता येतो ते आदल्या दिवशीच विचारा, शुगरच्या गोळ्यांचं सेंटरच्या डॉक्टरांशीच बोला, काउंटरशी नाही. सोबत स्वेटर न्या, एसी भयंकर असतो, आणि स्कॅननंतरसाठी डबा न्या, जवळ फक्त वेफर्स मिळतात. त्या दिवशी घरी लहान मूल किंवा गरोदर कोणी असेल तर काही तास लांब बसवायला सांगतात, आमच्या पुतणीला ते समजावताना नाकी नऊ आले. आणि चित्रांची सीडी देतात ती आमच्या घरातल्या एकाही लॅपटॉपमध्ये चालत नाही कारण सीडीचा कप्पाच नाही, पेन ड्राइव्हवर मागा, दोनशे रुपये जास्त घेतात, पण देतात.