मुलीला कॉन्व्हेंटमध्ये घातल्यावर: जून ते जानेवारीचा अनुभव

शाळेच्या पिनाफोरच्या, म्हणजे गणवेशाच्या बिनबाह्यांच्या फ्रॉकच्या, बॉक्स प्लेट्स (चुण्या) ऑगस्टमध्येच उसवल्या, म्हणून हे लिहायला बसले. फी किती, व्हॅन कुठून सुटते, अ‍ॅडमिशनला कोणते कागद लागतात, हे पालकांच्या ग्रुपवर शंभरदा येऊन गेलंय. ते परत सांगत नाही. कोल्हापुरातली सिस्टरांची मुलींची शाळा, दहावीला स्टेट बोर्ड, आमची मुलगी पाचवीला नव्याने गेली. एवढं पुरे.

तर पिनाफोर. ठरलेल्या एकाच दुकानातून घ्यायचा, साडेनऊशेला एक, आणि धुण्या-वाळवण्यासाठी दोन तरी हवेतच. कापड बरं आहे, रंगही गेला नाही. पण शिलाई! बाजूला माया, म्हणजे शिलाईच्या आत जास्तीचं कापड, म्हणून ठेवलेली नाही, खाली दुमड जेमतेम दोन बोटं. पाचवीची पोर वर्षभरात किती वाढते हे शाळेचे कपडे विकणाऱ्याला कळू नये? आमच्या आईने एकेक फ्रॉक दुमड सोडत सोडत तीन-तीन वर्षं चालवला. गंगावेशीतला आमचा शिंपी अशाच कापडाचा, चार बोटं दुमड ठेवून, बऱ्याच कमी पैशांत शिवून द्यायला तयार होता. पण कापड सुटं मिळतच नाही. उसवलेला पिनाफोर घेऊन दुकानात गेले तर मालक म्हणाले, "ताई, धुण्यात उसवलाय. शिलाईची गॅरंटी नसते." पावती दाखवली, आवाज चढवला, तेव्हा "ठेवून जा, बघतो" म्हणाले. आठवड्याने गेले तर पिनाफोर त्याच पिशवीत, तसाच. ज्याच्या दुकानात मशीन चालू आहे त्याने चार टाके घालू नयेत, याचा राग मला अजून आहे.

तोच राग घेऊन शाळेच्या ऑफिसात गेले. सिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं, पिनाफोर उलटा करून शिलाई पाहिली आणि म्हणाल्या, "शुक्रवारी शिवणाचा तास आहे. सुई-दोरा देऊन पाठवा." मी आणखी भडकले. पैसे आम्ही मोजायचे आणि शिवायचं पोरीने? आणि आजच्या काळात मुलींच्या शाळेत शिवणाचा तास कशाला? तासभर विज्ञान शिकवा. घरी येऊन हे सगळं मोठमोठ्याने बोलून दाखवलं.

शुक्रवारी पोरगी पिनाफोर घेऊन आली. आतून उलटी टीप घातलेली, हातानेच, टाके थोडे वाकडे पण घट्ट. "आई, दुसरा पण मीच शिवतो," म्हणाली आणि बसली. जानेवारी आली, ती शिलाई हललेली नाही. दुकानाच्या मशीनची गेली. त्यानंतर तिने दप्तराचा पट्टा शिवला, भावाच्या शर्टाची बटणं लावली, भावाला काजही करायला शिकवलं.

इथून शाळेबद्दलचं माझं मत बदलत गेलं. दुकानाबद्दलचं नाही.

तिच्या आधीच्या शाळेत मुलं-मुली एकत्र होती. गॅदरिंग आलं की मुलगे बाकं उचलायचे, माइकच्या वायरी ओढायचे; मुली रांगोळी काढायच्या आणि पाहुण्यांना गुलाब द्यायच्या. कुणी तसा नियम केला नव्हता, आपोआप व्हायचं. इथे मुलगेच नाहीत. त्यामुळे घंटा मुली देतात, बाकं मुली उचलतात, मैदानावर फक्की मुली टाकतात, माइक बंद पडला तर नववीची मुलगी खाली बसून वायर तपासते. डिसेंबरमध्ये ग्रुपवर गदारोळ झाला, की मुलींकडून हमाली करून घेतात, सगळ्यांनी मिळून पत्र देऊ. मी सही केली नाही. दोघी दोन टोकांना धरून बाक उचलतात, तिसरी वाट मोकळी करते. मी फाटकातून पाहिलंय. मला माझ्या मुलीसाठी नेमकं हेच हवंय आणि ते मिळतंय. इंग्रजी काय, आता गल्लोगल्ली शिकवतात.

सिस्टरांच्या परंपरेचा वारसा म्हणतात तो काय, हे मला मूल्यशिक्षणाच्या तासामुळे कळलं. एक दिवस मुलीने लिंबू मागितलं. रसाने कागदावर लिहिलं, वाळवलं, वरून गरम इस्त्री फिरवली आणि तपकिरी अक्षरं उमटली. तासाला मेरी वॉर्डची गोष्ट झाली होती. इंग्लंडमधली ही बाई 1585 ची. मुलींना मुलांच्या बरोबरीने शिकवायचं, तेव्हा मुलग्यांसाठी राखून ठेवलेली लॅटिनसुद्धा शिकवायची, आणि हे काम करणाऱ्या सिस्टरांनी मठाच्या भिंतीआड कोंडून राहायचं नाही, असा तिचा आग्रह. 1631 मध्ये पोपने तिची संस्थाच मोडीत काढली आणि तिला म्युनिकमध्ये मठात कैद करून ठेवलं. तिथून तिने आपल्या सोबतिणींना लिंबाच्या रसाने पत्रं लिहिली. ती संस्थापक होती हे म्हणायची परवानगी मिळायला 1909 साल उजाडलं. तिच्याच परंपरेतल्या लोरेटो सिस्टर 1841 मध्ये कलकत्त्याला आल्या. मदर तेरेसा भारतात आल्या त्याही आधी लोरेटोच्याच सिस्टर म्हणून. आमच्या शाळेच्या सिस्टर दुसऱ्या संघाच्या आहेत, पण गोष्ट मेरी वॉर्डची सांगतात. ज्या चर्चने तिला कोंडलं, त्याच चर्चची शाळा हे मुलींना न लपवता सांगते, याचं मला फार कौतुक वाटलं.

जुने लोक सिस्टरांच्या शाळेलाही 'मिशन' समजतात, हा घोळ होतो म्हणून सांगते. कोल्हापुरात नुसतं 'मिशन' म्हटलं की ते अमेरिकन प्रेसबिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंट. त्यांचे मिशनरी रॉयल वाइल्डर इथे 1852 मध्ये आले, त्याच मिशनच्या डॉक्टर वॉनलेसांचा मिरजेचा दवाखाना 1894 चा. सिस्टरांच्या शाळा कॅथलिक, त्यांची परंपरा वेगळी. आणि मुलींनी शिकावं हे काही आपल्याला फक्त मिशनवाल्यांनी शिकवलेलं नाही. शाहू महाराजांनी संस्थानात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम 1917 मध्ये काढला. त्याच्या कितीतरी आधी मुलींच्या शाळांचं काम त्यांनी रखमाबाई केळवकरांवर सोपवलं होतं, आणि रखमाबाईंची लेक कृष्णाबाई डॉक्टर झाली. ही नावं मूल्यशिक्षणाच्या तासाला यायला हवीत. मी तसं डायरीत लिहून पाठवलं. उत्तर आलं, "तुम्हीच येऊन सांगाल का?" पुढच्या महिन्यात जाणार आहे.

सासूबाईंची काळजी प्रार्थनेची होती. सकाळी असेंब्लीत प्रार्थना होते. धर्मशिक्षणाला फक्त कॅथलिक मुली जातात, त्या वेळी बाकीच्यांना मूल्यशिक्षण. घटनेचं कलम 28(3) सांगतं की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षण घ्यायला लावता येत नाही. हे मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांचं समाधान मात्र झालं ते नात नवरात्रात पूर्वीसारखीच त्यांचा हात धरून अंबाबाईला गेली तेव्हा.

खटकतं ते मधल्या सुट्टीतलं. मराठी बोललं की मॉनिटर नाव लिहिते. वर्गात इंग्रजी बोला, मान्य. पण डबा खाताना, पडल्यावर, भांडताना पोरीने कुठल्या भाषेत बोलायचं हे शाळेने ठरवू नये. 2020 च्या कायद्याने मराठी विषय सगळ्या शाळांना सक्तीचा आहे आणि तो इथे मनापासून शिकवतात, बाई उत्तम आहेत. मग सुट्टीत तीच भाषा गुन्हा कशी? यावर सिस्टरांशी दोनदा बोलणं झालं, फरक पडलेला नाही. मी पाठपुरावा सोडणार नाही. पालकसभेत हा मुद्दा मांडणार आहे, आणि कापडाचा नमुना शाळेने जाहीर करावा, शिवायचं कुठे ते पालकांनी ठरवावं, हाही.

गणिताबद्दल आत्ताच काही लिहीत नाही. दिवाळीनंतर बाई बदलल्यात, अपूर्णांकांत पोरगी अडखळते आणि वह्या उशिरा तपासून येतात. वार्षिक परीक्षेचा निकाल लागला की तेवढ्यापुरतं वेगळं लिहीन.