एक्सेल मॅक्रोतली ट्रान्सपोज, इंडेक्स, मॅच: लाखभर ओळींवर वापरल्यानंतर

व्हीबीएतून, म्हणजे एक्सेलचे मॅक्रो लिहायच्या भाषेतून, शीटची तयार फंक्शन्स थेट ॲरेवर (मेमरीतल्या डेटाच्या यादीवर किंवा तक्त्यावर) चालवता येतात: ट्रान्सपोज ओळी-कॉलमची अदलाबदल करतं, इंडेक्स हवा तो भाग काढून देतं, मॅच एखादी गोष्ट यादीत कितवी आहे ते सांगतं. पाच-दहा हजार ओळींवर ही सोय झकास आहे. मात्र काही महिने लाख-दीड लाख ओळींच्या फायली यातून काढल्यावर मत बदललं. इंडेक्स अडलं तर निदान एरर तरी देतं. ट्रान्सपोज मुकाट्याने डेटा गाळतं. मोठ्या कामातून ते काढून टाकलेलंच बरं.

खात्री करायची तर ७०,००० घटकांचा एकमितीय ॲरे ट्रान्सपोजला द्या. एरर नाही, सूचना नाही आणि परत येतात ४,४६४ ओळी. १,००,००० दिले तर ३४,४६४ आणि २,००,००० दिले तर फक्त ३,३९२. म्हणजे ६५,५३६ने भागून जी बाकी उरते तेवढंच हाती लागतं. बरोबर ६५,५३६ घटक नीट उलटतात, एक वाढवला की एकच ओळ उरते. एक्सेल २००३पर्यंत शीटला एकूण ओळीच ६५,५३६ होत्या. २००७मध्ये त्या १०,४८,५७६ झाल्या, पण ट्रान्सपोजची मोजणी जुन्या १६ बिटांतच अडकून पडली.

चूक दिसते की लपते, हे कोडच्या पुढच्या ओळीतल्या रिसाइजवर (उत्तर किती सेलमध्ये लिहायचं ते सांगणाऱ्या आज्ञेवर) ठरतं. रिसाइजला मूळ संख्या, म्हणजे ७०,००० दिली असेल तर पहिल्या ४,४६४ सेल बरोबर भरतात आणि खाली सगळीकडे ‘#एन/ए’ येतं. हे नशीबच म्हणायचं, कारण ते डोळ्यांत भरतं. पण उलटलेल्या ॲरेच्याच यूबाउंडवरून (शेवटच्या घटकाच्या क्रमांकावरून) रिसाइज केलं असेल तर शीट स्वच्छ दिसते, मॅक्रो बिनबोभाट संपतो आणि बेरीज काही लाखांनी कमी येते. संशय आला की डीबग-प्रिंटने मूळ आणि उलटलेल्या ॲरेचे यूबाउंड छापा आणि वजाबाकी करा. फरक ६५,५३६च्या पटीत निघाला तर पुढे शोधायची गरज नाही.

मुळात ट्रान्सपोज कोडमध्ये शिरतं कुठून? बहुतेक वेळा रिडिम प्रिझर्व्हमुळे, म्हणजे आतला डेटा राखून ॲरेचा आकार बदलणाऱ्या आज्ञेमुळे. त्याला फक्त शेवटची मिती वाढवता येते. म्हणून लोक ओळी आडव्या साठवत जातात आणि शेवटी सगळा ॲरे उलटतात. त्याऐवजी मूळ डेटात जितक्या ओळी आहेत तितक्यांचा द्विमितीय ॲरे सुरुवातीलाच रिडिम करा (ओळी आधी, कॉलम नंतर), निवडलेल्या ओळी त्यात भरा आणि किती भरल्या ते एका लाँग (मोठे पूर्णांक मावणाऱ्या) व्हेरिएबलमध्ये मोजा. इंटिजर हा लहान प्रकार ३२,७६७च्या पुढे ओव्हरफ्लो होतो. लिहिताना रिसाइजला ही मोजलेली संख्या द्या. रेंज (लिहायच्या सेलचा पट्टा) ॲरेपेक्षा लहान असली तरी चालतं, एक्सेल वरचा डावीकडचा भाग तेवढा उचलतं. उलटायची वेळच येत नाही.

डिक्शनरी म्हणजे प्रत्येक की (ओळखीचा शब्द किंवा कोड) आणि तिची माहिती अशा जोड्यांचा साठा. तिच्या कीज कॉलममध्ये उतरवतानाही हाच सापळा आहे. तिथे ट्रान्सपोज नुसतं काढून टाकलं तर पहिलीच की सगळ्या सेलमध्ये छापली जाते, कारण एकमितीय ॲरेला एक्सेल आडवी ओळ समजतं. एक कॉलमचा द्विमितीय ॲरे करून लूपने भरा. लाखभर कीजना सेकंदही लागत नाही.

आकार लहान असला तरी तारखांवर लक्ष ठेवा. रेंजच्या व्हॅल्यूमधून आलेल्या तारखा ट्रान्सपोजमधून टेक्स्ट होऊन बाहेर पडतात. विंडोजमध्ये भारतीय सेटिंग असेल तर ५ एप्रिल ‘०५-०४’ अशी मजकूर बनते. व्हीबीएतून ती सेलमध्ये लिहिली की एक्सेल अमेरिकी क्रमाने वाचून ४ मे करतं. दिवस बाराच्या आत असतो तोवरच हा घोळ होतो, त्यामुळे यादीतल्या काहीच तारखा चुकतात आणि दोष भलत्यावरच जातो. व्हॅल्यूऐवजी व्हॅल्यू-२ने वाचा, तारखा आकडे म्हणून येतील. शेवटी कॉलमला फॉरमॅट द्या.

इंडेक्सने ॲरेतला अख्खा कॉलम काढायची युक्ती ६५,५३६ ओळींपलीकडे टाइप मिसमॅच, म्हणजे एरर १३ देते. एरर येणं खरं तर चांगलंच, पण वर ऑन एरर रिझ्युम नेक्स्ट (एरर आली तरी पुढच्या ओळीवर जा ही आज्ञा) लिहिलेलं असलं की तेही जातं. मॅचच्या लूपमध्ये ही ओळ सगळ्यात महागात पडते: वर्कशीट-फंक्शनमार्फत बोलावलेल्या मॅचला एखादा कोड सापडला नाही तर ती ओळ वगळली जाते, व्हेरिएबलमध्ये मागच्या कोडचा क्रमांक तसाच राहतो आणि एका ग्राहकाची रक्कम दुसऱ्याच्या नावावर चढते. ॲप्लिकेशनमार्फत मॅच बोलवा, उत्तर व्हेरियंटमध्ये (कुठलंही मूल्य, एररसुद्धा, मावणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) घ्या आणि ते एरर आहे का हे इझ-एररने तपासा. मॅचचा तिसरा आर्ग्युमेंट (जुळणीचा प्रकार) शून्य, म्हणजे तंतोतंत जुळणी, हवाच. तो गाळला की मॅच यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे असं धरून चालतं आणि विस्कळीत यादीवर बिनधास्त चुकीची जागा सांगतं.

बेरजेची तक्रार वेगळी आहे. सीएसव्हीची (स्वल्पविरामांनी विभागलेल्या मजकूर फाइलची) ओळ स्प्लिटने तोडून भरलेल्या ॲरेत आकडे टेक्स्ट असतात. बेरीज करणारं सम त्यांना मोजत नाही, सर्वांत मोठा आकडा देणारं मॅक्स तर सगळेच तसे असल्यास शून्य देतं. भरतानाच सीडीबीएल या फंक्शनने आकडे करून घ्या.

हजारो शोधांसाठी मॅचपेक्षा डिक्शनरी कितीतरी वेगवान आहे, पण दोघांचे नियम सारखे नाहीत. मॅच लहान-मोठी इंग्रजी अक्षरं एकच मानतं, डिक्शनरी मुळात वेगळी मानते. पहिली की घालण्याआधी डिक्शनरीचा कंपेअर-मोड (तुलनेची पद्धत) टेक्स्टवर ठेवा, नंतर तो बदलता येत नाही. आकडा १००१ आणि मजकूर ‘१००१’ या तिच्या लेखी दोन निराळ्या कीज आहेत, तेव्हा घालताना आणि शोधताना दोन्हीकडे सीएसटीआर (मूल्याचा मजकूर करणारं फंक्शन) लावा.